शाळेत माणूस हवा की कार्यशाळा? पालक-शिक्षक संघाच्या बैठकीआधी सल्ला हवाय

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. मी विट्याजवळच्या गावातला. मुलगी नववीला, गावातल्याच शाळेत. पाचवी ते दहावी मिळून सहाशेच्या घरात पोरं. पालक-शिक्षक संघात मला उपाध्यक्ष केलंय. आजवर त्याचा अर्थ सह्या करणं आणि स्नेहसंमेलनाला मांडववाल्याशी भांडणं, एवढाच होता.

यंदा जरा वेगळं झालं. आमच्या भागातले गलाईवाले देशभर पसरलेत हे इकडच्यांना माहीत आहेच. शाळेच्या काही माजी विद्यार्थ्यांनी मिळून देणगी दिली आणि अट घातली की हे पैसे इमारतीला लावायचे नाहीत, पोरांच्या मानसिक आरोग्यासाठी वापरायचे. देणारे स्वतः तसेच वाढलेत. आईबाप परराज्यात सोनं-चांदी गाळतायत, पोरगं आजीपाशी, रात्री जेवणं झाली की फोन. आमच्या वर्गावर्गात अशी पोरं आहेत. आजी जीव लावते, पण नववीतल्या पोराच्या डोक्यात काय चाललंय ते तिला कळायचं कसं?

मुख्याध्यापकांनी एका कंपनीचा प्रस्ताव आणलाय. हॉलमध्ये एक दिवसाची प्रेरणादायी कार्यशाळा, प्रत्येक विद्यार्थ्याची ऑनलाइन चाचणी, तिचा लाल-पिवळा-हिरवा अहवाल पालकांच्या मोबाईलवर, वर्षभर वापरायला एक अ‍ॅप आणि शाळेला भिंतीवर लावायला प्रमाणपत्र. सर खूश आहेत. मला मात्र हे पचत नाहीये, आणि का पचत नाही ते बैठकीत धड सांगता येत नाहीये. शनिवारी निर्णय आहे. कुणी शाळेत असं काही चालवलंय का? याच पैशात दुसरं काय करता येईल?

भडंगवाला

प्रमाणपत्र लॅमिनेट करून मिळणार का ते आधी विचारा.

बाईंचा_तास

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिकला विज्ञान शिकवते. तुमचा संशय रास्त आहे, पण शिक्षकांवर ढकलून मोकळं व्हायचा बेत असेल तर तोही सोडा.

सरकारी योजना नाहीत असं नाही. आयुष्मान भारतखाली शाळा आरोग्य कार्यक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये आला. प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, शक्यतो एक सर आणि एक बाई, आरोग्यदूत म्हणून निवडायचे. शिकवायचे अकरा विषय, भावनिक स्वास्थ्य हा त्यातला एक. आमच्याकडून मी गेले होते. प्रशिक्षण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. भूमिका करायला लावल्या, ऐकायचं कसं ते दाखवलं. परत आले तर निवडणुकीची कामं, यू-डायसची सरकारी माहिती भरणं, घटक चाचणीचे पेपर आणि अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम. आठवड्याचा तो एक तास भूमितीच्या सरांनी कधी नेला, कळलंच नाही.

खरी अडचण वेळेपेक्षा वेगळी आहे. नववीतली एक मुलगी प्रॅक्टिकलनंतर थांबली आणि घरातलं बरंच बोलली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या तासाला मान खाली. बरोबर आहे, मीच तिचे अंतर्गत गुण देणार, तिच्या आईला पालकसभेत मीच भेटणार. जिच्या हातात मार्क आहेत तिच्याकडे पोरं मन मोकळं करतीलही, पण नंतर तिला टाळणार.

कंदीपेढा

'आनंददायी शनिवार' आहे की. मार्च २०२४ चा निर्णय, योगासनं, प्राणायाम, दप्तराशिवाय शाळा.

बाईंचा_तास

@कंदीपेढा, तो पहिली ते आठवीला. नववी-दहावीला आनंद वर्ज्य.

आबा_कराडकर

आमच्या वेळी असली थेरं नव्हती. बोर्डिंगात राहिलो, पहाटे उठून विहिरीवर आंघोळ, बाजरीची भाकरी, शेतात काम करून शिकलो. गुरुजी कानाखाली द्यायचे तरी मन मजबूत. आता पोराला मार्क कमी पडले की लगेच डिप्रेशन. पोरांना काम द्या, मन आपसूक ठिकाणावर येतं.

भडंगवाला

आबा, ती विहीर प्रत्येक धाग्यावर येते हो.

मिरज_जंक्शन

आबांना हसू नका, त्यांच्या बोर्डिंगकडे मी परत येणार आहे. आधी येरळाकाठ यांचं बघू. मी मानसोपचाराचा डॉक्टर, बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात होतो, आता स्वतःचा दवाखाना आहे.

शाळेत काय चालतं आणि काय चालत नाही यावर मोठे अभ्यास झालेत, आणि आपल्याला सगळ्यात जवळचा आहे बिहारचा. नालंदा जिल्ह्यात ७५ सरकारी माध्यमिक शाळा घेतल्या. गोव्याची 'संगाथ' संस्था त्यामागे होती, कार्यक्रमाचं नाव 'सेहर'. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शाळांची तीन गटांत वाटणी केली. एका गटात शाळेबाहेरून आणलेला, प्रशिक्षण दिलेला साधा माणूस समुपदेशक म्हणून बसवला. दुसऱ्या गटात तेच काम त्याच शाळेतल्या शिक्षकाकडे दिलं. तिसऱ्या गटात सरकारी जीवनकौशल्यांचे तास होते तेवढेच ठेवले. कार्यक्रम दोन्हीकडे एकच: चिठ्ठ्यांची पेटी, भित्तिपत्रक, विद्यार्थ्यांचे गट, शाळेची समिती, आणि ज्याला गरज त्याच्याशी एकट्यानं बोलणं. २०१८ च्या शेवटी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. बाहेरच्या माणसाच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं, दादागिरी, मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकांच्या शाळांत जवळपास काहीच फरक नाही. म्हणजे बाईंनी वर जे लिहिलंय तेच.

युरोपातही असंच दिसलं. दहा देशांत १६८ शाळा, अकरा हजारांवर मुलं, निकाल २०१५ चा. एका गटात शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवलं, दुसऱ्यात मुलांना प्रश्नावली देऊन ज्यांचे आकडे वाईट त्यांना डॉक्टरकडे पाठवलं, तिसऱ्यात मुलांबरोबरच काही तास घेतले, त्यांना प्रसंग करून बघायला लावले, आणि हे तास वर्गशिक्षक घेत नव्हते. वर्षभरानं फरक दिसला तो तिसऱ्यात. आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण काहीच न केलेल्या गटात दीड टक्का, इथे ०.७ टक्का. नुसत्या प्रश्नावलीनं ठळक फरक पडला नाही.

तुमची लाल-पिवळी चाचणी म्हणजे हीच प्रश्नावली, आणि मागे डॉक्टरही नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक विकार आढळला होता. तुमच्या सहाशेला लावून बघा, चाळीसेक पोरं होतात. उद्या चाचणीत चाळीस नावं लाल आली तर सोमवारी सकाळी त्यांच्याशी बोलणार कोण? याचं उत्तर तयार नसेल तर चाचणी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ध्यानधारणेचे तास हाही सरसकट उपाय नाही. इंग्लंडात आठ हजारांवर मुलांना शिक्षकांकरवी ते शिकवलं. २०२२ मध्ये निकाल लागला: नेहमीच्या तासांपेक्षा वेगळा फायदा काही नाही.

आता आबा. तुमच्या बोर्डिंगात रेक्टर होता ना? रात्री फेरी मारणारा, कोण जेवला नाही ते बघणारा? कर्मवीरांनी १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने मोडून पोरांना जेवू घातलं. त्या पोरांनी नुसत्या कष्टावर दिवस काढले म्हणता? कुणाची तरी नजर होती त्यांच्यावर. आज सहाशे पोरांवर तसं कोण आहे, तेवढं सांगा.

आबा_कराडकर

रेक्टर होते. जाधव गुरुजींसारखा माणूस परत होणे नाही. घरून मनिऑर्डर आली नाही की न विचारता ओळखायचे. कानाखालीचं मागे घेत नाही.

जवान_पत्नी

चाचणीच्या अहवालावरून लिहिते. मिस्टर सैन्यात, मी साताऱ्यात दोन मुलांना घेऊन राहते. मोठ्याच्या शाळेत अशीच ऑनलाइन चाचणी झाली होती, शाळेचं नाव घेत नाही. शंभर प्रश्न, कॉम्प्युटर लॅबमध्ये शेजारीशेजारी बसवून. 'तुला रात्री रडू येतं का' याचं उत्तर शेजारच्याला दिसेल असं कोणता पोरगा खरं देईल? माझ्यानं सगळीकडे 'कधीच नाही' केलं. पाच मिनिटांत मोकळा झाला आणि हिरवा आला.

त्याच्या मित्राचा लाल आला. वर्गशिक्षकांनी अहवालांची फाईल चुकून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. दहा मिनिटांत काढली, पण दहा मिनिटं पुष्कळ झाली. त्या पोराला दुसऱ्या दिवशी 'रेड सिग्नल' नाव पडलं, ते दहावी संपेपर्यंत गेलं नाही. त्याची आई शाळेत गेली तर उत्तर मिळालं, कंपनीशी बोला.

वकील_शाहूपुरी

मुख्याध्यापकांना पटवायला कायद्याचा आधार देतो. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात देशभरासाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत आणि शाळा, कॉलेज, क्लासेस, निवासी अकादमी, वसतिगृह सगळ्यांना लागू. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. त्याहून लहान संस्थेनं बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर सांगड घालायची. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. हेल्पलाइनचे नंबर वर्गात आणि वसतिगृहात ठळक लावायचे. मार्कांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत पाणउतारा करायचा नाही.

तुमच्याकडे सहाशे पोरं आहेत. अ‍ॅप घेऊन ही अट पूर्ण होत नाही. हे एक वाक्य बैठकीत वाचून दाखवा, बाकी मुद्द्यांची गरज पडणार नाही.

निकालपत्रात २०२२ चे आकडेही आहेत. देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या, त्यातल्या २,२४८ परीक्षेतल्या अपयशामुळे. त्या वर्षी राज्यांत महाराष्ट्र पहिला होता, १,७६४. मला यात खटकतं ते असं की आपली सगळी धावपळ फेब्रुवारी-मार्चची. बोर्डाचे समुपदेशक, त्यांचे पेपरात छापून येणारे नंबर, चांगलंच आहे ते. पण परीक्षेपायी गेलेले सहात एक. बाकीच्यांची दुःखं घरातली, प्रेमातली, आजारपणाची, आणि ती जूनमध्येही असतात.

भरती_बॅच

निवासी अकादमीला पण लागू? हे माहीतच नव्हतं. मी दहावीनंतर पोलीस भरतीसाठी अकादमीत राहून तयारी केलीय. सोळाशे मीटरचं टायमिंग आणि सराव पेपरचे मार्क रोज रात्री बोर्डावर, खालून दहा जणांची नावं लाल खडूनं. त्यांना जेवायला शेवटी बसवायचे. सर म्हणायचे अपमान झाल्याशिवाय माणूस पळत नाही. काही जण खरंच पळाले, रात्री भिंतीवरून. तिथं आपल्या भागातली सोळा-सतरा वर्षांची पोरं लय आहेत राव, आणि त्यांना विचारणारं कुणी नाही.

दुपारची_शाळा

सांगली जिल्ह्यात शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. एम.एस.डब्ल्यू. आहे, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर. एक संस्था मानधन देते, मी दोन शाळा वाटून घेतल्यात. डॉक्टरांनी अभ्यासाचं सांगितलं, मी रोज काय घडतं ते सांगते, कारण कागदावर सोपं वाटणारं शाळेत गेल्यावर भलत्याच गोष्टींवर अडतं.

पहिली गोष्ट बसायची जागा. मला आधी मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून टेबल दिलं होतं. तिथे बाहेरच्या बाकावर कोण बसतं? पट्टी खाल्लेली पोरं. महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग भांडून प्रयोगशाळेमागची सामानाची खोली घेतली. खिडकीला अर्धी काच आहे, आतला माणूस दिसतो पण ऐकू येत नाही. दार लोटलेलं, कडी नाही. मुलींच्या आणि माझ्याही दृष्टीनं हे महत्त्वाचं. शेजारी वाचनालय असल्यामुळे 'पुस्तक बदलायला चाललो' असं सांगून येता येतं.

दुसरी गोष्ट, पोरं आपणहून येत नाहीत, आपण वर्गात जावं लागतं. मी आठवी-नववीच्या प्रत्येक तुकडीवर तास घेते. राग आला की अंगात काय काय होतं, मैत्रिणीनं बोलणं टाकलं तर काय करायचं, नको असलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं, मोबाईलवर कुणी फोटो मागितला तर कुणाला सांगायचं. उपदेश नाही. प्रसंग देते, पोरं करून दाखवतात. हसतखिदळत तास जातो आणि शेवटी दोघं-तिघं दप्तर भरायला उगीच वेळ लावतात. मी त्यांचीच वाट बघत असते.

चिठ्ठ्यांची पेटी लावली तेव्हा सुरुवातीला आत चॉकलेटचे कागद आणि एका सरांचं व्यंगचित्र निघालं. व्यंगचित्र झकास होतं, मी जपून ठेवलंय. मग एक चिठ्ठी आली: 'चाचणीचे पेपर वाटताना मार्क मोठ्यानं वाचू नका.' वहीचं एकच पान, पण अक्षरं चौघांची, एकेक शब्द एकेकानं लिहिलेला. ओळखू येऊ नये म्हणून. मी ती चिठ्ठी तशीच शिक्षकांच्या सभेत ठेवली. पाच मिनिटं कुरकुर झाली, 'पूर्वीपासून वाचतो' वगैरे. पण पुढच्या चाचणीला पेपर उलटे करून बाकावर ठेवले गेले. त्यानंतर पेटी भरायला लागली, कारण पोरांना कळलं की इथे लिहिलं तर काहीतरी हलतं. घरातल्या दारूच्या, काकाच्या, गावातल्या पोरांच्या चिठ्ठ्या त्याच्यानंतर. आधी नाहीच.

पेटीची किल्ली माझ्याकडे असते. सरकारी तक्रारपेटी वेगळी, ती समितीसमोर उघडायची असते. दोन्ही एक करू नका.

तिसरं, गुप्तता. पहिल्या भेटीतच सांगते: तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, तीन गोष्टी सोडून. तू स्वतःला इजा करणार असशील, दुसऱ्याला करणार असशील, किंवा कुणी तुझ्याशी वाईट वागत असेल. तिसऱ्यात लैंगिक अत्याचार असेल तर मला पर्यायच नाही, २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. हे आधीच सांगितलं तर पोरं घाबरतात असं म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. कुठली गोष्ट कुठे जाईल हे माहीत असलं की ती ठरवून बोलतात.

आणि कृपा करून शिक्षकांना सांगा, 'गृहपाठ केला नाहीस ना, जा आता मॅडमकडे' असं म्हणू नका. शिक्षा म्हणून पाठवलेलं पोरगं माझ्यासमोर बसून खिडकीबाहेर बघतं आणि घंटा झाली की जातं.

येरळाकाठ

वाचतोय, वहीत उतरवतोय. @दुपारची_शाळा, एखादं पोर खरंच गंभीर असलं तर? आम्हाला भीती तीच. आणि आजी-आजोबांना कसं सांगायचं? आमच्याकडे लगेच 'माझ्या नातवाला वेडा ठरवता काय' होतं.

दुपारची_शाळा

आजीला मी निदान कधीच सांगत नाही, तो माझा अधिकारही नाही. झोप, भूक, पोटदुखी यावरून बोलते. 'आजी, दर चाचणीच्या दिवशी याच्या पोटात दुखतं, घरी काय बघितलंत?' मग आजी स्वतःच सगळं सांगते, माझ्यापेक्षा जास्त तिला दिसलेलं असतं. आईबापाशी फोनवर वेगळं बोलते, शक्यतो पोराला विचारून. गलाईवाल्या कुटुंबांत एक बदल पुष्कळ कामी येतो: रात्रीच्या फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. गंभीर असेल तर डॉक्टर सांगतील.

मिरज_जंक्शन

बोलण्यातून मरणाचा विषय निघाला किंवा तशी शंका आली तर सरळ आणि शांतपणे विचारायचं: 'जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का?' विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. बहुतेकांना हायसं वाटतं. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलावून त्यांच्या हाती द्यायचं, त्याच दिवशी डॉक्टर. शपथा घालायच्या नाहीत, 'आईबापाचा विचार कर' म्हणायचं नाही. अपराधी वाटणाऱ्याला आणखी अपराधी करून काय मिळणार?

सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं तिथे भेटतात. शाळेनं आधीच जाऊन ओळख करून ठेवावी. वेळ आल्यावर केसपेपरच्या रांगेत कुठे उभं राहायचं हे शोधत बसायला नको. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिकची पाटी असते, २०१४ च्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं. १० ते १९ वयाच्या पोरांसाठी आहे, विट्यात चौकशी करा. फोनवर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची दुसरी लाइन १०९८.

कंदीपेढा

साताऱ्यात परिवर्तन संस्था मानसिक आरोग्यावर आणि व्यसनमुक्तीवर वर्षानुवर्षं काम करते. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी विचारून बघा.

आणि दहावीच्या पालकांना निकालाच्या आधी, नंतर नव्हे, फेरपरीक्षेचं आणि दोन विषय राहिले तरी अकरावीला जाता येतं त्याचं पत्रक वाटा. फुकटचं काम आहे. आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांना ठाऊकच नव्हतं.

भडंगवाला

मुद्दा मांडतो, हसू नका. पूर्णवेळ समुपदेशकाचा पगार एका देणगीत बसेल? यंदा ठेवलात आणि पुढच्या जूनला 'फंड संपला' म्हणालात, तर ज्या पोरांनी जीव टाकून सांगितलं त्यांनी काय करायचं? यापेक्षा कंपनी बरी, तिच्याकडे कुणी मन मोकळं करणारच नाही.

दुपारची_शाळा

हा प्रश्न खरा आहे. माझ्या आधी एका शाळेत समाजकार्य कॉलेजचे विद्यार्थी फिल्डवर्कला यायचे. साताऱ्यात जकातवाडीला कॉलेज आहे, तिथली मुलं तयारीची असतात. पण मार्चमध्ये त्यांची परीक्षा, नंतर ती येत नाहीत, आणि पोरांना नेमकी तेव्हा गरज. त्यांना हाताखाली घ्या, एकट्यांवर टाकू नका. तुमच्या पैशात पूर्णवेळ बसत नसेल तर शेजारच्या दोन शाळांशी बोलून एक माणूस वाटून घ्या. वार मात्र पक्के हवेत. मंगळवार म्हणजे मंगळवार, पोरं चार दिवस धरून बसतात.

वकील_शाहूपुरी

देणगी एकदम खर्च करू नका. ठेव करा, तीन वर्षांचं मानधन वेगळं काढा आणि ठरावात लिहा की मुदत संपायच्या सहा महिने आधी पुढची सोय बघितली जाईल. नेमणुकीच्या पत्रात दोन वाक्यं घालाच: समुपदेशकाच्या नोंदी शाळेच्या दप्तरात ठेवल्या जाणार नाहीत, आणि मुख्याध्यापकांना महिन्याला मिळेल ती फक्त आकडेवारी, नावं नाहीत. चारित्र्य पडताळणी न चुकता.

आबा_कराडकर

माणूस स्थानिक बघा. पुण्याची मॅडम एसटीच्या वेळा बघत बसेल.

दुपारची_शाळा

आबा, तालुक्यातला चालेल, गावातला नको. गावातला म्हटलं की तो कुणाचा तरी पाहुणा निघतो, मग पोरं तोंड उघडत नाहीत.

येरळाकाठ

बैठक झाली, कळवतो. सुरुवातीला सर कंपनीचंच धरून बसले होते. वकीलसाहेबांचं वाक्य वाचलं तेव्हा गप्प झाले. जवान_पत्नी यांचा किस्सा नाव-गाव न घेता सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरच्या दोन आया एकदम म्हणाल्या, चाचणी नको. कार्यशाळा मात्र राहिली, संस्थेच्या अध्यक्षांना भाषण करायचंय. करू देत, अर्धा दिवस आहे.

ठरलं असं. पलीकडच्या गावची शाळा तयार झालीय, दोघांत मिळून एक समुपदेशक, आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार. ठेव तीन वर्षांची. जुन्या वाचनालयातला कोपरा पार्टिशन टाकून देणार, काच अर्धीच. १४४१६ प्रत्येक वर्गात आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारामागे, ही कल्पना माझ्या मुलीची. पेटी पाण्याच्या टाकीजवळ, कारण तिथे उभं राहायला कारण लागत नाही. देणगीदारांना फोन केला. कोइमतूरहून एकानं विचारलं, पेटीत आम्ही पण चिठ्ठी टाकू का?

अडकलंय ते वेळापत्रकात. आठवी-नववीला समुपदेशकाचा तास कुठून काढायचा? सर म्हणतात पीटीचा घ्या.

बाईंचा_तास

पीटीला हात लावू नका! त्या मॅडम पाय ठेवायच्या आधीच पोरं त्यांच्यावर खार खातील. दिवसातला तोच एक तास त्यांचा स्वतःचा असतो. पंधरवड्यातून एकदा माझ्यासारख्या विज्ञानवाल्यांकडून मागा, एकदा भाषेकडून. आम्ही कुरकुरू, पण देऊ.

येरळाकाठ

विज्ञानाच्या बाईंना विचारलं. कुरकुरल्या, दिला.